केळीचा ट्रक लाहोरला कसा पोहोचला? मोबाईलमधला निळा ठिपका आणि अंतराळातली ताकद

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? आज जरा वेगळा विषय आहे. गेल्या काही भागांत आपण फोन, ॲप्स, नोकरी यावर बोललो. आज बोलायचंय अंतराळातल्या लष्करी ताकदीवर. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. कारण हा विषय तुमच्या खिशात आहे. मॅप उघडलं की तो निळा ठिपका दिसतो ना, "तुम्ही इथे आहात" सांगणारा? आजचा सगळा भाग त्या ठिपक्याबद्दल आहे.

आणि सुरुवात एका केळीच्या ट्रकपासून.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, हे तुम्हाला माहितीय. ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही, पण काम होतं मालवाहू गाड्यांचं ट्रॅकिंग. ड्रायव्हरच्या फोनमध्ये आमचं ॲप, आणि ऑफिसच्या स्क्रीनवर सगळ्या गाड्या मुंग्यांसारख्या हलताना दिसायच्या. त्यात एक नियम मी स्वतः लिहिला होता. गाडी ठरलेल्या रस्त्यापासून पाच किलोमीटरपेक्षा जास्त लांब गेली की "रूट डेव्हिएशन", आणि ड्रायव्हरच्या पैशातून आपोआप कपात. कोणी माणूस मध्ये नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान होता. डेमोमध्ये टाळ्या पडल्या होत्या.

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतरचे ते दिवस आठवतायत ना? त्या आठवड्यात सपोर्टकडून माझ्याकडे एक कॉल आला. रावेरहून केळी भरून अमृतसरकडे गेलेले एक ड्रायव्हर काका. वय पन्नाशीच्या पुढचं असावं. त्यांचे साडेतीन हजार रुपये कापले गेले होते. मी लॉग उघडला आणि त्यांना सांगितलं, "काका, गाडी मार्ग सोडून सुमारे ५० किलोमीटर लांब गेल्याचं दिसतंय."

ते म्हणाले, "कुठे गेली म्हणता?"

मी नकाशा मोठा केला. ठिपका लाहोरजवळ होता.

मी गप्प झालो. तेच म्हणाले, "भाऊ, केळी घेऊन मी लाहोरला कशाला जाऊ? आम्ही तर ढाब्यावर गाडी लावून, दिवे बंद करून बसलेलो. ब्लॅकआउट होता."

तर, गाडी अमृतसरच्या अलीकडे ढाब्यावर. सिस्टीममध्ये गाडी लाहोरला. आणि पैसे कोणाचे कापले? ढाब्यावर अंधारात बसलेल्या माणसाचे.

हे कसं झालं ते समजून घेऊ. फार टेक्निकल होणार नाही, शब्द देतो.

जीपीएस म्हणजे काय? आपल्याला वाटतं उपग्रह आपल्याला वरून बघतोय. नाही. उपग्रहाला तुम्ही कोण, कुठे, काहीच माहीत नसतं. तो फक्त एकच गोष्ट ओरडत असतो : "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." बस. तुमचा फोन ते ऐकतो, आवाज यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. असे कमीत कमी चार उपग्रह ऐकू आले की तुमची जागा कळते. म्हणजे जीपीएस हे मुळात घड्याळ आहे, नकाशा नंतर. प्रकाशाच्या वेगाने येणारा सिग्नल एक मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. घड्याळ तेवढं चुकलं की तुम्ही कोथरूडच्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलात. म्हणून त्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात.

दुसरी गोष्ट, हा सिग्नल अतिशय अशक्त असतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर आहेत आणि त्यांची सिग्नल पाठवायची ताकद साधारण जुन्या पिवळ्या बल्बएवढी. वीस हजार किलोमीटरवरचा बल्ब! तुमच्या फोनपर्यंत पोहोचतो तेव्हा तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो. त्यामुळे जमिनीवरून कोणी जरा जोरात ओरडलं की तो ऐकूच येत नाही. याला म्हणतात जॅमिंग. आणि कोणी उपग्रहाची हुबेहूब नक्कल करून खोटी वेळ, खोटी जागा ओरडली, तर फोन त्यावर विश्वास ठेवतो. हे स्पूफिंग.

हे कोण करतं? जिथे ड्रोन उडतात तिथे हे होतं. कारण स्वस्त ड्रोन जीपीएसवर चालतो, आणि त्याला चकवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याला खोटी जागा सांगणं. युक्रेन युद्धापासून हे रोजचं झालंय. फिनएअरने एप्रिल २०२४ मध्ये एस्टोनियातल्या तार्तू शहराची विमानं महिनाभरासाठी बंद केली होती, कारण तिथे जीपीएस गडबडत होतं. आणि आपल्याकडे? सरकारने लोकसभेत सांगितलेला आकडा आहे : नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या ४६५ घटना. बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या पट्ट्यात. हे ऑपरेशन सिंदूरच्या आधीचं बरं का.

मी काकांचा फोन ठेवला आणि त्या रात्रीचा सगळा डेटा काढला. त्याच दोन तासांत त्या पट्ट्यातल्या आमच्या आणखी सहा गाड्या लाहोरजवळ दिसत होत्या. आणि सातही ठिपके एकावर एक. एकाच जागी. सात ट्रक एकाच बिंदूवर उभे राहू शकत नाहीत ना? ही स्पूफिंगची अगदी ठळक खूण आहे. खोटा सिग्नल ज्याला ज्याला ऐकू येतो, त्या सगळ्यांना तो एकच जागा सांगतो. तो सिग्नल कोणी सोडला यात मी जात नाही. सैन्याला त्या रात्री जे करायचं होतं ते करणं भागच होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याची किंमत केळीच्या ट्रकवाल्याने का द्यायची?

आता जरा मागे जाऊ, कारण हा ठिपका आपल्याला मिळाला कसा हे कळलं की चित्र स्पष्ट होतं.

जीपीएस ही अमेरिकन सैन्याची यंत्रणा आहे. "होती" नाही, "आहे". पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. आज ती यूएस स्पेस फोर्स चालवते, कोलोराडोतल्या एका लष्करी तळावरून. तुम्ही रात्री अकराला बिर्याणी मागवता आणि "रायडर दोन मिनिटांवर आहे" असं दिसतं, त्यामागे तिथल्या गणवेशातल्या लोकांची ड्युटी असते.

सामान्य लोकांना हे फुकट द्यायचं का ठरलं? १ सप्टेंबर १९८३. कोरियन एअर लाइन्सचं ००७ नंबरचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठी खुलं असेल. म्हणजे आपला निळा ठिपका एका पडलेल्या विमानामुळे आपल्याला मिळाला.

पण खुलं म्हणजे पूर्ण खुलं नाही. नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची. सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी असं त्याचं नाव. त्यामुळे सैन्याला नेमकी जागा कळायची आणि बाकीच्यांना साधारण १०० मीटरपर्यंतची चूक. ही चूक मे २००० मध्ये बंद केली, क्लिंटन यांच्या काळात.

इथे कारगिल येतं. व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, की १९९९ मध्ये भारताने जीपीएसचा डेटा मागितला आणि अमेरिकेने बटण दाबून कारगिलवरचं जीपीएसच बंद केलं. मित्रांनो, ही फिल्मी गोष्ट लागतच नाही. साधी तारीख बघा. कारगिल १९९९, मुद्दाम मिसळलेली चूक काढली २००० मध्ये. म्हणजे त्या डोंगरांवर आपले जवान लढत होते तेव्हा जगातल्या प्रत्येक नागरी रिसीव्हरला सुमारे शंभर मीटर चुकीची जागा मिळत होती, हे ठरलेलं धोरण होतं. कड्यावर शंभर मीटर म्हणजे काय, हे राजगड चढलेल्याला सांगायला नको. नेमकी जागा कोणाला द्यायची हे दुसऱ्याच्या हातात होतं. एवढंच पुरेसं आहे.

यातून आपण आपली यंत्रणा बांधली. नाविक. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये. फक्त सात उपग्रह, पण भारत आणि सीमेबाहेर सुमारे १५०० किलोमीटरपर्यंतचा भाग त्यात येतो. जगभर फिरणारे तीस उपग्रह न सोडता, आपल्या डोक्यावर राहतील असे सात ठेवायचे. मला हे डिझाइन खरंच आवडतं. कमी पैशात नेमकं काम, एकदम आपल्या आईसारखं बजेट.

मग गडबड कुठे झाली? घड्याळात! पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं २०१६ मध्ये बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. नंतर इतर उपग्रहांवरचीही काही गेली. पहिल्याची जागा घ्यायला ऑगस्ट २०१७ मध्ये जो उपग्रह पाठवला, त्याच्या रॉकेटचं वरचं कवचच उघडलं नाही, उपग्रह आतच अडकला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ गेला, त्यात पहिल्यांदा आपलं स्वतःचं, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेलं अणुघड्याळ होतं. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत. आणि २९ जानेवारी २०२५ ला एनव्हीएस-०२. श्रीहरिकोट्यावरचं शंभरावं उड्डाण. रॉकेटने काम चोख केलं, पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर देणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत आणि तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत हिशोब दिला. एकूण ११ उपग्रह सोडले, त्यातले जागा सांगण्याचं काम तेव्हा करत होते फक्त चार. आता मघाशी मी काय म्हणालो? जागा काढायला कमीत कमी किती उपग्रह लागतात? चार. म्हणजे तेव्हा आपण काठावर पास होतो.

आता माझं मत सांगतो. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, हरकत नाही.

२७ मार्च २०१९ आठवतो? मिशन शक्ती. ओडिशाच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडलं आणि सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच एक उपग्रह पाडला. अमेरिका, रशिया, चीननंतर चौथा देश. पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन सांगितलं. मी तेव्हा शिकत होतो, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये नुसता जल्लोष. मीही ओरडलो. आणि आजही मला वाटत नाही की ती चाचणी उगाच होती. चीनने २००७ मध्ये आपला हवामान उपग्रह उडवून दाखवला होता, त्याचे तीन हजारांवर तुकडे झाले आणि साधारण ८६५ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे त्यातले बरेच अजून फिरतायत. शेजारी असं करतो तेव्हा "आम्हालाही येतं" हे एकदा दाखवावं लागतं. आपण ते कमी उंचीवर केलं, त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळाले. काही मात्र वरही उडाले आणि बराच काळ राहिले, हेही खरं.

पण हे शस्त्र वापरायचं कधी? समजा उद्या खरंच उपग्रह पाडापाडी सुरू झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला एक जुना उपग्रह फोडला, दीड हजारांवर तुकडे झाले आणि अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांना, त्यात रशियाचे स्वतःचेही, आपापल्या यानात जाऊन बसावं लागलं. तुकड्याला पासपोर्ट नसतो. आपण दुसऱ्याचा उपग्रह फोडला तर ते तुकडे आपल्याही उपग्रहांच्या वाटेत येणार. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अशा चाचण्या थांबवण्याच्या ठरावावर मतदान झालं, १५५ देश बाजूने होते, भारत तटस्थ राहिला. माझ्या मते आपण "हो" म्हणायला हवं होतं. आपली चाचणी झालेली आहे, आता थांबवण्यात आपलाच फायदा आहे.

आणि खरं सांगू, आजची अंतराळातली लढाई स्फोटांची नाहीच. ती शांतपणे होते. २४ फेब्रुवारी २०२२, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच्या साधारण तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही. जमिनीवरचे हजारो मोडेम निकामी केले. त्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरचा संपर्क तुटला. जर्मनी युद्धात नव्हती! त्या पवनचक्क्या आणि आपले रावेरचे काका, दोघांची गोष्ट एकच आहे.

म्हणून माझ्या हिशोबात अंतराळातली ताकद म्हणजे दुसऱ्याचा उपग्रह पाडता येणं कमी, आणि आपलं घड्याळ वाईट रात्रीही चालू ठेवता येणं जास्त. पहिली गोष्ट टीव्हीवर छान दिसते. अणुघड्याळ बारा वर्षं न थांबता चाललं, याची ब्रेकिंग न्यूज होत नाही. पण तुमची बँक, तुमचा मोबाईल टॉवर, विजेची ग्रिड, सगळे वेळेसाठी उपग्रहांकडे बघतात. जानेवारी २०१६ मध्ये जीपीएसच्या वेळेत फक्त १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली, तर जगभरच्या टेलिकॉम यंत्रणांमध्ये अलार्म वाजले होते. तेरा मायक्रोसेकंद! आपण तेवढ्यात पापणीही हलवत नाही.

बरं, आपण काय करायचं? आपण काही इस्रोचे अध्यक्ष नाही.

पहिलं. आज रात्री गच्चीवर जा, जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप टाका आणि फोन आकाशाकडे धरून पाच मिनिटं थांबा. तुमचा फोन कोणाकोणाचे उपग्रह ऐकतोय ते झेंड्यांसकट दिसेल. अमेरिका, रशिया, युरोप. आणि चीनसुद्धा! आपण समाजमाध्यमांवर चिनी मालावर बहिष्कार घालतो आणि घरी जायचा रस्ता बेईदोऊच्या मदतीने शोधतो. मग तिरंगा दिसतो का बघा. २०२० पासून काही अँड्रॉइड फोनमध्ये नाविक आहे, आयफोनमध्ये १५ प्रोपासून आलं. नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारता ना, तसं "नाविक आहे का" हेही दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल. पण शंभर जणांनी विचारलं की तो कंपनीला विचारेल.

दुसरं, माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांसाठी. ठिपक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मोबाईल टॉवर काय सांगतो? फोनचा ॲक्सेलरोमीटर गाडी उभी आहे म्हणतोय का? ढाब्यावरून लाहोर दोन सेकंदांत? कुठली गाडी एवढी पळते? ही एक ओळ मी लिहिली असती, "हा वेग शक्य आहे का" एवढी तपासणी, तर काकांचे पैसे कापले गेले नसते. मी लिहिली नाही. कारण उपग्रह चुकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि काकांचं पुढे काय झालं? मी रिपोर्ट केला. पहिलं उत्तर आलं, "सिस्टीममध्ये डेव्हिएशन आहे, मग कपात बरोबर आहे." ती सिस्टीम म्हणजे मीच होतो हो! अकरा दिवस मेल, मीटिंग, पुन्हा मेल. शेवटी पैसे परत मिळाले. नियम बदलला, आता माणसाने बघितल्याशिवाय कपात होत नाही. मी ती कंपनी सोडली तेव्हाही तो बदल तसाच होता.

पण एक गोष्ट अजून टोचते. त्या रात्रीच्या बाकी सहा गाड्यांपैकी तीन ड्रायव्हरांचेही पैसे कापले गेले होते. त्यांनी फोनच केला नव्हता. मी त्यांना फोन केला तेव्हा एक जण म्हणाला, "मशीन म्हणालं म्हणजे असेल काहीतरी." त्याला स्वतःला माहीत होतं की तो कुठे होता. रात्रभर तिथेच बसला होता तो! तरी त्याने स्वतःपेक्षा ठिपक्यावर विश्वास ठेवला. त्यांचेही पैसे परत गेले, पण दोघांनी तोवर आमच्याकडचं काम सोडलं होतं.

लढाई कोणाचीही असो, ठिपका कोणाचाही असो, कधीतरी तो चुकणार. तेव्हा समोरच्या माणसाला आधी विचारा, "तुम्ही कुठे होतात?" आणि त्याचं ऐका.

चला, आजच्यासाठी एवढंच. गच्चीवरून तुमच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवा, कोणाकोणाला तिरंगा दिसतो ते पुढच्या भागात वाचून दाखवतो. आणि घरात कोणी गाडीवर असेल, ड्रायव्हर असेल, डिलिव्हरी करत असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. पैसे कापले गेले तर भांडायला उपयोगी पडेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!